गर्दीच्या वेळची ओळ

शुक्रवार, सकाळ

प्रिय समजाबाई,

या नावाने तुला हाक मारून चोवीस वर्षं होतील. मधल्या काळात वर्षअखेरीला तुझं एक कार्ड यायचं, माझं एक जायचं, आणि दोन्हींवर आपली खरी नावं असायची, अर्जावर असतात तशी. आज पाकिटावर तुझं खरं नाव लिहिलं, पण आत कागदावर हात त्या नावाकडे वळेचना. ऑफिसात प्रत्येकाच्या कामात "समजा असं झालं तर?" म्हणून मोडता घालणारी, तिथल्या फळ्यावर आकृत्या काढून कोपरापर्यंत खडूची पांढरी भुकटी माखलेली तूच डोळ्यांसमोर आलीस. आणि मी तुझी घाईताई. हे नाव तू मला कॉन्व्हेंट शाळेच्या जेवणघरात दिलंस, मी रांग मोडून पुढे घुसले आणि सिस्टरांच्या पांढऱ्या झग्यावर अख्खा सूपचा वाडगा उपडा केला तेव्हा. शिक्षा दोघींना झाली. तू का उभी राहिलीस माझ्याबरोबर, ते तेव्हाही कळलं नव्हतं.

पत्र मुद्दाम हाताने लिहिते आहे. अक्षर बिघडलंय, सिस्टरांनी बघितलं असतं तर पट्टी काढली असती. उजव्या हाताचा अंगठा हल्ली ऐकत नाही. बाकी बरी आहे. तिसऱ्या मजल्यावर राहते, आणि चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबून पर्समध्ये चावी शोधायचं नाटक करते, म्हणजे दम लागलाय हे शेजाऱ्यांना कळत नाही. यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी दूरदेशी असते, दर रविवारी फोन करते आणि "हॅलो"च्या आधी "गोळ्या घेतल्यास का?" विचारते. मी घेतल्या म्हणते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण एक गोष्ट सुटली नाही. आपण दोघींनी जे काम उभं केलं, त्याची देखभाल करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव अजून आहे. त्याबद्दल कुणी काही लिहिलं की ते माझ्याकडेही येतं. तीन आठवड्यांपूर्वी तसं एक पत्र आलं. खरं तर त्याबद्दल लिहायला बसले होते, आणि बघ, निम्मं पान जिन्यातच घालवलं.

ते पत्र एका संशोधक बाईंचं होतं. आपल्या फायरवॉलला त्यांना एक वाट सापडली आहे, पहारा चुकवून आत जाण्याची. आपलं काम सोडून तू इतकी वर्षं वर्गात गणित शिकवलंस, म्हणून पहिल्यापासून सांगते, कंटाळलीस तर पुढे जा. ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, जिथे वापरणाऱ्याचा हात कधी पोचत नाही, तिथे आपण एक पहारेकरी बसवला होता. बाहेरून येणारं माहितीचं प्रत्येक पॅकेट त्याच्यासमोरून जायचं. कुठल्या दारासाठी आलंय ते त्याने बघायचं, त्या दाराने आत येऊ द्यायचं असेल तर सोडायचं, नाही तर तिथेच टाकून द्यायचं. मजकूर मोठा असला की वाटेत त्याचे तुकडे होतात, आणि दाराचा क्रमांक फक्त पहिल्या तुकड्यावर असतो. मागचे तुकडे आपले पुढच्याच्या भरवशावर येतात. म्हणून तू नियम केलास, की सगळे तुकडे येईपर्यंत थांबायचं, ते जोडायचे, आणि मग अख्खं बघायचं. का, तर समजा मागून आलेला एखादा तुकडा मुद्दाम असा कापलेला असला की जोडताना तो पहिल्याच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि दाराचा क्रमांकच बदलतो, तर? तू हे बैठकीत मांडलंस तेव्हा आपले दाढीवाले साहेब म्हणाले होते, "अहो बाई, इतका रिकामटेकडा कोण असेल?" सगळे हसले. मीही हसले. तू तेवढी हसली नाहीस. म्हणालीस, "एक पुरे आहे, सर."

तो एक आता कदाचित होऊनही गेला असेल. संशोधक बाईंनी दाखवून दिलं, की पहारेकरी एरवी तुझा नियम पाळतो, पण तुकडे ठेवायची जागा भरली, म्हणजे कुणी मुद्दाम गर्दी केली, की तो फक्त पहिला तुकडा बघतो आणि मागच्यांना न बघता सोडतो. त्यासाठी प्रोग्राममध्ये तिथे एक ओळ आहे. एकच. चोवीस वर्षं ती तिथे आहे, आणि तेवढ्या काळात तिच्यातून कोण आत गेलं, काय घेऊन गेलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. पहारेकऱ्याने पाहिलंच नाही, तर त्याची नोंद कुठून असणार? दुरुस्ती तयार आहे. येत्या मंगळवारी दोष जाहीर होईल, आणि अशा निवेदनात ओळीचा सगळा इतिहास देतात, कुणी लिहिली, कुणी तपासली. लिहिणाऱ्याच्या जागी माझी आद्याक्षरं आहेत. शेजारच्या "वाचलं" या रकान्यात तुझी आहेत.

तो रकाना आपणच सुरू केला होता, आठवतं? शाळेत अभ्यासाच्या तासाला मी निबंध लिहायची आणि तू तो मला दबक्या आवाजात वाचून दाखवायचीस. माझ्याच चुका मला दिसायच्या नाहीत, पण तुझ्या तोंडून ऐकू यायच्या. पुढे नोकरीत आल्यावर आपण तीच सवय लावली. लिहिणारीने गप्प बसायचं, दुसरीने ओळ न् ओळ मोठ्याने वाचायची, अडखळली की थांबायचं. पलीकडच्या टेबलावरचे लोक म्हणायचे, झाले यांचे पाढे सुरू. वर्षभरात त्यांनीही सुरू केले. आणि मग साहेबांनी नियमच केला, की दुसऱ्याने वाचल्याशिवाय गाभ्यात एक स्वल्पविरामसुद्धा जाणार नाही. मला त्या खोलीचा अजून वास येतो. जुन्या गालिच्याचा, तापलेल्या यंत्रांचा, आणि तुझ्या त्या पुदिन्याच्या गोळ्यांचा. दोन टेबलं काटकोनात, मध्ये एक कुंडी, जिला तू पाणी घालायचीस आणि मी थंड झालेली कॉफी. ती जगली ते तुझ्यामुळे की माझ्यामुळे, यावर आपण दोन वर्षं वाद घातला.

शाळेतली आणखी एक गोष्ट या आठवड्यात सारखी मनात येते. शुक्रवारी दुपारी ख्रिश्चन मुली कबुलीजबाबाला प्रार्थनाघरात जायच्या आणि आपण दोघी बाहेरच्या बाकावर पाय हलवत बसायचो. आपल्याला आत जायचं नव्हतं, पण वेळ जायचा नाही म्हणून आपण आपली पापं ठरवायचो. तुझ्याकडे कधी काही निघायचंच नाही. एकदा फार विचार करून म्हणालीस, "परवा तुझ्या पेनातली शाई घेतली न विचारता." मी म्हटलं, "हे काय पाप आहे? याला कोण विचारतं?" तू म्हणालीस, "तूच विचार ना, तुझंच पेन आहे." आणि खरोखर माझ्या परवानगीची वाट बघत बसलीस. दहा वर्षांची होतीस.

मग तुझ्या आईच्या आजारपणाचा तो शेवटचा महिना. सुरुवात चहाच्या आधणापासून झाली होती, नाही? पातेलं जळून काळं व्हायचं तरी त्यांना कळायचं नाही. मग त्या तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घरासमोर जाऊन उभ्या राहायला लागल्या, आणि तिथल्या लोकांना विचारायच्या, तुम्ही आमच्या घरात काय करताय. तू पंधरा दिवसांची रजा घेतलीस, मग आणखी पंधरा. जाताना त्यांच्या घरचा फोन नंबर माझ्या टेबलासमोरच्या भिंतीला चिकटवलास आणि दम दिलास, "काही वाटलं तर लगेच कर. घाई करू नकोस, घाईताई."

त्याच दिवसांत आपल्या कामाची मोठी चाचणी ठरली. काम घेणारे लोक गुरुवारी येणार होते. बुधवारी दुपारी आम्ही यंत्रावर मुद्दाम गर्दी सोडली आणि यंत्र बसलं. तुझा पहारेकरी तुकड्यांची वाट बघत राहिला, ठेवायची जागा भरली, सगळं ठप्प. बरोबर उपाय मला तेव्हाही माहीत होता. जागा भरली की दार लावून घ्यायचं, नवीन कुणाला घ्यायचंच नाही. पण तसं केलं की पाहुण्यांसमोर वेगाचे आकडे पडले असते, कारण बरीच चांगली पॅकेटंही दाराबाहेर राहिली असती. साहेब येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "काहीतरी करा हो, तुम्हीच करू शकता." अडीच वाजता मी ती ओळ लिहिली. पहिला तुकडा अडवला गेला तर मागचे काय करणार आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. मागचा तुकडा पुढच्याच्या डोक्यावर बसू शकतो हे तू बैठकीत सांगितलेलं मला आठवत होतं. विसरले होते असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. यंत्र भर्रकन चालायला लागलं. पलीकडच्या टेबलावरून टाळ्या आल्या.

"वाचलं"चा रकाना रिकामा होता. फोन माझ्या हाताशी होता, नंबर समोरच्या भिंतीवर, तुझ्या अक्षरात. मी रिसीव्हर उचलला. कानाला लावला. मग ठेवून दिला. तू कुठल्या परिस्थितीत असशील, तुला कशाला त्रास, असं मी पुढे पुष्कळदा मनाशी घोळवलं, पण ते खरं कारण नव्हतं. तू एकदा "समजा" म्हणाली असतीस आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रकान्यात तुझी दोन अक्षरं टाकली. साहेबांनी विचारलं, "समजाबाईंनी ऐकलं?" मी म्हटलं, "हो, फोनवर वाचून दाखवलं." आणि मग तुझ्या खणातला बिस्किटांचा डबा काढून सगळ्यांना वाटला.

तू आलीस की सांगायचं, हे ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं गं. पण तू आलीस ती आईला पोचवून. गालांची हाडं वर आलेली, स्वेटर उलटा घातलेला, आणि तो उलटा आहे हे तुला सांगायचं धाडस कुणाला झालं नाही. पहिल्याच बैठकीत साहेब तुला हसवायला म्हणाले, "या वेळी समजाबाईंनी कमाल केली, एकदाही समजा न म्हणता फोनवर होकार दिला." तू माझ्याकडे बघितलंस. बैठक संपल्यावर जिन्यात मला गाठलंस आणि अगदी हळू विचारलंस, "अगं, तू मला फोन केला होतास? मला काहीच आठवत नाहीये." जिन्यात आपण दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "केला होता की! पाच-सात मिनिटं बोललो आपण. तू घाईत होतीस." आणि तेवढ्यावर थांबले नाही. खरं वाटावं म्हणून पुढे म्हणाले, "मागून आईंचा आवाज येत होता." तू पायरीवर खाली बसलीस. म्हणालीस, "आईचंही असंच सुरू झालं होतं." मी तुझी पर्स उचलली, म्हटलं चल, कॉफी पिऊ.

त्यानंतरचे चार महिने मी तुला बघत होते. खिशात वही ठेवायला लागलीस. कोण काय बोललं, किती वाजता बोललं, सगळं टिपायचीस. संध्याकाळी घरी पोचून मला फोन करायचीस, मी खण लावला होता का गं? जिला आठवीतल्या तीस मुलींचे हजेरी क्रमांक पाठ होते, ती तू! मी सांगायची, लावलास, मी पाहिलं. तेवढं तरी खरं सांगायची. मग तू राजीनामा दिलास. पत्रात एवढंच लिहिलं होतंस, की ज्या डोक्याचा भरवसा वाटत नाही त्याने पहाऱ्याचं काम करू नये. सगळे म्हणाले, आईचं दुःख आहे, निवळेल. निरोपाचं भाषण मी केलं, मध्येच रडले, आणि लोकांना वाटलं केवढी ही मैत्री. मैत्री होतीच. म्हणून तर सांगता आलं नाही, असंही मी बरीच वर्षं म्हणत आले.

तुला वाटेल, निदान ती ओळ तरी हिने गुपचूप काढायची. दोन वर्षांनी एकदा मी ती उघडली होती. पण बदल करायचा तर कारण लिहावं लागतं आणि दुसऱ्याला वाचून दाखवावं लागतं. कारण काय लिहू? मी ते पान तसंच बंद केलं. मग नवे लोक आले, काम मोठं झालं, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत ती ओळ जशीच्या तशी पुढे गेली. काही बिघडत नाही म्हटल्यावर मलाही वाटायला लागलं, की कदाचित बरोबरच असेल. तुझ्या दोन अक्षरांमुळे तिच्याकडे पुन्हा कुणी वळून बघितलं नाही. तुझं नाव असलं की लोक निश्चिंत असायचे.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. संशोधक बाईंनी आपल्या दोघींनाही लिहिलं होतं. मी तीन आठवडे "जुनं आहे, बघून कळवते" असं करत राहिले. तू त्याच दिवशी उत्तर दिलंस, आणि त्यांनी काल ते मला पाठवलं. तू लिहिलं आहेस, "माझी आद्याक्षरं आहेत, म्हणजे मी ऐकलंच असणार. मला तो फोन तेव्हाही आठवत नव्हता आणि आजही आठवत नाही. लिहिणारीला दोष देऊ नका, ती मला विचारल्याशिवाय काही करत नसे. माझ्या आईला विसरण्याचा आजार होता. माझ्यात तो तेव्हापासूनच असावा, ही भीती मी इतकी वर्षं बाळगली आहे, आणि आता हे कळल्यावर महिनाअखेरच्या सोमवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. झाल्या चुकीबद्दल क्षमा असावी." मी हे उभ्याने वाचलं. आज सकाळी संशोधक बाईंना सगळं लेखी कळवलं. मंगळवारच्या निवेदनात असं येईल, की ती ओळ माझी, ती कुणीही वाचली नव्हती, दुसरी आद्याक्षरं मी खोटी घातली, आणि मूळचा नियम तुझा होता व तो बरोबर होता. फोन केला नाही, कारण माझं निम्मं बोलून होण्याआधीच तू मला माफ करून टाकलं असतंस. शिवाय हे तुझ्या हातात कागदावर असायला हवं, म्हणजे तुला माझ्या शब्दावर किंवा तुझ्या आठवणीवर विसंबावं लागणार नाही. कुरियरवाला उद्या दुपारपर्यंत पोचवतो म्हणाला आहे. येत्या सोमवारी डॉक्टरांकडे जायचं तर जा, या वयात तपासून घ्यावं. पण हे कधीपासून होतंय असं त्यांनी विचारलं, तर चोवीस वर्षांपासून असं सांगू नकोस. तुला आठवत नाही, कारण तसं घडलंच नाही. त्या बुधवारी तुझा फोन वाजलाच नव्हता.

तू म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
घाईताई